पाचवे शील आणि बैठकीची वाट

आपल्या विहारात दर रविवारी वंदना होते. त्रिशरण-पंचशील म्हणताना लहान मुलांपासून म्हाताऱ्या माणसांपर्यंत सर्वांचे हात जोडलेले असतात. पाचवे शील आले की मात्र एखाद्याचा आवाज बारीक होतो. शेजारी बसलेल्याला ते जाणवते, पण कोणी बोलत नाही. वंदना संपते, खीर वाटली जाते आणि तो माणूस सर्वांच्या आधी चपला घालून निघून जातो. पुढे काही महिन्यांनी तो येईनासा होतो. त्याच्याविषयी आपण एवढेच म्हणतो, "बिघडला."

प्रस्तुत पाठ त्या माणसाविषयी आहे. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या बैठका म्हणजे काय, तेथे काय चालते, सातारा-सांगली भागात त्या कशा शोधाव्यात आणि अशा वेळी संस्थेने काय करावे, याचा विचार आपण येथे करू. आमचे म्हणणे थोडक्यात असे : शील एकट्याने घेता येते, पण दारूच्या पाशात सापडलेल्या माणसाला ते एकट्याने पाळता येणे फार कठीण असते. त्याला संगत लागते. ती संगत शोधून देणे हे विहाराचेच काम आहे.

१. पाचवे शील काय सांगते?

पाचव्या शीलात सुरा, मेरय आणि मज्ज हे तीन शब्द येतात. सुरा म्हणजे धान्यापासून केलेली दारू, मेरय म्हणजे फळे, फुले, गूळ यांपासून आंबवून केलेली दारू आणि मज्ज म्हणजे मद आणणारी कोणतीही वस्तू. त्यांच्या पुढे जो शब्द येतो तो सर्वांत महत्त्वाचा आहे. तो म्हणजे प्रमादाचे स्थान. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, भान सुटणे. भान सुटले की पहिली चार शिले मोडायला वेळ लागत नाही. दारूच्या नशेत हात उगारला जातो, घरातले पैसे चोरले जातात, वाटेल तसे वर्तन होते, आणि खोटे तर रोजच बोलावे लागते.

दुसरी गोष्ट अशी की, शीलाला पालीत 'सिक्खापद' म्हटले आहे. सिक्खापद म्हणजे शिकण्याचे पद. ती कोणा ईश्वराची आज्ञा नव्हे की मोडली तर शिक्षा व्हावी. शिकणारा चुकतो आणि पुन्हा पाटी घेऊन बसतो. चुकला म्हणून त्याला शाळेबाहेर काढायचे नसते. हे आपण मुलांच्या बाबतीत मानतो, मोठ्यांच्या बाबतीत विसरतो.

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात राजगृहाच्या सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला भगवान बुद्धांनी मद्यपानाचे सहा तोटे सांगितले आहेत : डोळ्यांदेखत होणारा धननाश, वाढती भांडणे, रोग, दुष्कीर्ती, लाज सुटणे आणि बुद्धी दुबळी होणे. पूज्य बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्येही मद्य न पिण्याची प्रतिज्ञा आहे.

या सहा तोट्यांपैकी पहिला आम्ही बँकेच्या काउंटरमागून रोज पाहतो. पूर्वी पगाराच्या दिवशी एखादी बाई काउंटरजवळ उभी राहून नवऱ्याची वाट पाहत असे, म्हणजे निदान निम्मे पैसे तरी घरी जात. आता कार्ड नवऱ्याच्या खिशात असते आणि एटीएम रात्रीही उघडे असते. बाई येते ती दोन दिवसांनी, पासबुक भरून घ्यायला. पासबुकातला आकडा वाचून ती काही बोलत नाही. पुढच्या महिन्यात ती सोनेतारण कर्जाचा अर्ज मागते. दारूचा प्रश्न कोणत्याही एका जातीचा किंवा वस्तीचा नाही, हेही याच काउंटरवर आम्हांला कळले.

२. हा आजार आहे, नुसता अवगुण नव्हे

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणात मद्यावलंबन हा आजार म्हणून नोंदलेला आहे. रोजच्या दारूने मेंदूचे काम बदलते. आधी जेवढीने नशा येत असे तेवढी पुरत नाही. न घेतल्यास हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते. आणि नुकसान समोर दिसत असूनही हात ग्लासाकडे जातो. अशा माणसाला "मनावर घे" म्हणणे म्हणजे पाय मोडलेल्याला "नीट चाल" म्हणण्यासारखे आहे.

डॉक्टर मंडळी चार साधे प्रश्न विचारतात. दारू कमी करावी असे तुम्हांला कधी वाटले का? लोक त्यावरून बोलले म्हणून राग आला का? पिण्याबद्दल मनात अपराधी वाटले का? सकाळी उठल्यावर अंग सावरण्यासाठी घ्यावी लागली का? दोन प्रश्नांना होकार असेल तर तज्ज्ञाला दाखवणे शहाणपणाचे.

आपल्याकडे एक समज पक्का आहे. "मी श्रावणात पीत नाही", "वर्षावासाचे तीन महिने शिवत नाही, म्हणजे मी व्यसनी नाही." परंतु थांबणे आणि थांबून राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाशात सापडलेला माणूस अनेकदा थांबतो. त्याची खरी अडचण तीन महिने संपल्यानंतरच्या सकाळी सुरू होते. बैठका त्या सकाळसाठी असतात.

येथे एक धोक्याची सूचना द्यावीशी वाटते. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन जीवावर बेतू शकते. म्हणून घरात कोंडून ठेवणे, शपथ घालून बसवणे असले प्रकार करू नयेत. आधी डॉक्टर, मग बैठक.

३. आमची चूक

आमच्या एका बहिणीचे, आक्काचे यजमान कऱ्हाड तालुक्यातले. त्यांच्या परवानगीनेच आम्ही हे लिहीत आहोत. दाजी एके काळी त्यांच्या गावच्या विहारात वंदना सांगत असत. पुढे दारू सुरू झाली आणि वाढत गेली. आम्ही काय केले? जेव्हा भेटू तेव्हा पंचशीलाची आठवण करून दिली. चारचौघांत म्हणालो, "दाजी, बाबासाहेबांचे नाव घेता आणि हे करता?" आम्हांला वाटले, लाज वाटून सोडतील. त्यांनी सोडले ते विहारात येणे. दारू तशीच राहिली.

शेवटी एकदा घरच्यांनी मिळून त्यांची दारू एकदम बंद केली. तिसऱ्या दिवशी त्यांना झटके आले आणि रात्री रुग्णालयात हलवावे लागले. तेथे वॉर्डात दुसऱ्या रुग्णाच्या पत्नीने आक्काला बैठकीबद्दल सांगितले. दारू सोडलेली माणसे आठवड्यातून एकदा जमतात, पैसे घेत नाहीत, उपदेश करत नाहीत, एवढेच तिला सांगता आले. आक्काने आम्हांला फोन केला. "तू एवढी पुस्तकं वाचतोस, तुला हे कसं ठाऊक नाही?" तिच्या या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. हा पाठ म्हणजे ते उशिराने दिलेले उत्तर आहे.

साताऱ्याला चौकशी करू असे आम्ही म्हणताच दाजी म्हणाले, "पाव्हणं, साताऱ्याला नको. तिथं निम्मं गाव मला ओळखतंय." म्हणून आम्ही सांगलीची बैठक शोधली. एसटीचा दीड-दोन तासांचा प्रवास. जाताना ते एक शब्द बोलले नाहीत.

४. या बैठका आल्या कोठून?

मे १९३५ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन या शहरात बिल नावाचा एक शेअर दलाल धंद्याच्या कामासाठी आला होता. काम फसले होते. काही महिन्यांपूर्वीच त्याने दारू सोडली होती आणि हॉटेलातला बार समोर होता. आपण पिणार हे त्याला कळून चुकले. त्याने फोनजवळ जाऊन चौकशी सुरू केली : या गावात माझ्यासारखाच दारूने गांजलेला कोणी आहे का, ज्याच्याशी मला बोलता येईल? त्यातून त्याची बॉब नावाच्या एका शल्यविशारदाशी गाठ पडली. बिलने त्याला उपदेश केला नाही, आपली स्वतःची हकीकत सांगितली. बॉबने १० जून १९३५ नंतर दारू घेतली नाही. तो दिवस 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस', म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या 'एए' संघटनेचा स्थापना दिन मानला जातो. भारतात हे काम १९५७ पासून सुरू झाले. आज सुमारे १८० देशांत अशा बैठका भरतात.

महाराष्ट्रात २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांचे ते काम. पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांनी त्याला आर्थिक पाठबळ दिले. प्रारंभी गर्दच्या आहारी गेलेल्या तरुणांसाठी उभे राहिलेले हे केंद्र पुढे दारूच्या रुग्णांसाठी मोठा आधार झाले. केंद्रातून घरी गेलेला रुग्ण पुन्हा घसरू नये म्हणून पाठपुराव्याच्या बैठका आणि रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' गट ही तेथील कामाची महत्त्वाची अंगे आहेत.

सातारकरांना तर दूर जावयास नको. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा जन्म साताऱ्याचा, महाविद्यालयीन शिक्षण सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात व नंतर मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात. त्यांनी साताऱ्यात 'परिवर्तन' ही संस्था उभी करून व्यसनमुक्तीचे काम सुरू केले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. अंधश्रद्धा निर्मूलनाचे त्यांचे काम सर्वांना माहीत आहे; व्यसनमुक्तीचे काम मात्र आपल्या पुष्कळ सभासदांना माहीत नाही. त्यांचे चिरंजीव मनोविकारतज्ज्ञ डॉ. हमीद दाभोलकर हेही या कार्याशी जोडलेले आहेत.

अशा बैठकांचा खरोखर उपयोग होतो का? सन २०२० मध्ये २७ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यांत दहा हजारांहून अधिक माणसांचा समावेश होता. एएच्या वाटेला पद्धतशीरपणे जोडून दिलेल्या रुग्णांत सतत दारूपासून दूर राहणाऱ्यांचे प्रमाण इतर मान्य उपचारांपेक्षा अधिक आढळले. बाकी बाबतींत ते त्या उपचारांच्या बरोबरीचे ठरले. म्हणजे बैठक हा जादूटोणा नव्हे, आणि नुसता भाबडेपणाही नव्हे. जे डॉक्टरांच्या उपचारांबरोबर बैठकीसही जातात त्यांना दोन्हींचा आधार मिळतो.

५. बैठकीत काय चालते?

बैठका दोन प्रकारच्या असतात. खुल्या बैठकीस कोणालाही बसता येते. घरच्यांना, विद्यार्थ्यांना, कार्यकर्त्यांनाही. बंद बैठक फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी असते. आम्ही दाजींबरोबर खुल्या बैठकीस गेलो होतो.

एक साधी खोली, बाके, भिंतीवर घड्याळ, कोपऱ्यात चहाची किटली. पंधरा-वीस माणसे. एकाच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट, दुसऱ्याच्या चपलांना शेतातला चिखल. एकाने बैठक चालवली. सुरुवातीस संघटनेच्या बारा पायऱ्या वाचल्या गेल्या. मग एकेकाने आपले पहिले नाव सांगून, आपण मद्यासक्त आहोत असे म्हणून, मनातले सांगितले. सर्वांनी त्याला नावाने नमस्कार केला. मध्ये कोणी बोलले नाही, सल्ला दिला नाही, वाद घातला नाही. ज्याला बोलायचे नव्हते तो गप्प बसला आणि त्याला कोणी भरीस घातले नाही. सुमारे दीड तासाने चहा झाला. तेथे ऐकलेले बाहेर सांगायचे नसते, म्हणून आम्हीही येथे इतर कोणाची हकीकत देत नाही.

प्रवेश फी नाही. शेवटी एक पिशवी फिरते. ज्याला जमेल त्याने काही टाकावे, न जमेल त्याने पुढे द्यावी. बाहेरून देणग्या न घेता आपला खर्च आपणच भागवायचा असा त्यांचा दंडक आहे. आयुष्य हिशेबात गेलेल्या आम्हांला ही गोष्ट विशेष वाटली.

त्याहून विशेष म्हणजे आडनाव न विचारणे. अमेरिकेत हा नियम अब्रू झाकण्यासाठी झाला. आपल्या देशात आडनाव कळले की जात कळते. या खोलीत मात्र माणूस नुसत्या नावाने ओळखला जातो. महासागरास मिळाल्यावर नद्या आपली जुनी नावे सोडतात, तसे संघात आल्यावर चारही वर्णांचे लोक आपले जुने नाव-गोत्र सोडतात, हा भगवंतांचा दृष्टांत आपण विहारात कितीदा ऐकला असेल. त्याचे एक लहानसे रूप त्या खोलीत दिसले.

धम्माच्या अभ्यासकाला ही पद्धत परकी वाटू नये. भिक्खुसंघ महिन्यातून दोनदा उपोसथाला जमून प्रातिमोक्षाचे पठण करतो आणि ज्याच्याकडून दोष घडला तो आपला दोष सांगतो. वर्षावासाच्या शेवटी पवारणेच्या वेळी भिक्खू एकमेकांना आपले दोष दाखवण्याची विनंती करतात. दोष लपवून कोणी शुद्ध होत नाही. समजूतदार सोबत्यांपुढे तो मांडला की ओझे हलके होते, हे तत्त्व अडीच हजार वर्षांपूर्वीचे आहे. कल्याणमित्रांची संगत म्हणजे निम्मे श्रेष्ठ जीवन होय, असे आनंद म्हणाले तेव्हा भगवंतांनी त्यांना दुरुस्त केले : निम्मे नव्हे, संपूर्ण.

परतीच्या एसटीत दाजी प्रथमच बोलले. "पाव्हणं, पंधरा वर्षांत पहिल्यांदा माझ्यापेक्षा जास्त खोटं बोललेला माणूस भेटला. आणि तो हसत होता."

६. 'ईश्वर' या शब्दाचे काय करायचे?

आपल्या सभासदांच्या मनात एक रास्त शंका येईल. एएच्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा व आपल्याहून मोठ्या शक्तीचा उल्लेख आहे. बौद्धाने तेथे बसावे का?

संघटनेचाच नियम असा आहे की, सभासद होण्यास दारू सोडण्याची इच्छा एवढी एकच अट आहे. ईश्वर मानणे ही अट नाही. बारा पायऱ्या लिहिल्या गेल्या तेव्हा न मानणाऱ्या सभासदांनी आग्रह धरला, म्हणून ईश्वर या शब्दाबरोबर 'आम्हांला जसा कळला तसा' या अर्थाची सवलत आली. पुष्कळ निरीश्वरवादी लोक ती मोठी शक्ती म्हणजे समोर बसलेला समूहच समजतात. आपल्याकडे तर तिसरे शरण संघाचेच आहे. दाजींना आम्ही हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "शब्दावर अडून बसायला मला परवडणार नाही." प्रार्थनेच्या वेळी ते डोळे मिटून आपले त्रिशरण मनात म्हणतात, कोणी हरकत घेत नाही.

ज्यांना तरीही जड वाटेल त्यांच्यासाठी समुपदेशनावर आधारलेल्या पाठपुरावा बैठका आहेत. तेथे ईश्वराचा प्रश्न येत नाही. परदेशांत चार आर्यसत्ये व अष्टांगिक मार्ग यांवर आधारलेले व्यसनमुक्ती गटही चालतात. २०१९ मध्ये सुरू झालेला 'रिकव्हरी धर्मा' हा त्यांपैकी एक. तात्पर्य, शंका असावी, पण ती न जाण्याचे निमित्त होऊ नये.

७. बैठक कशी शोधावी?

(१) प्रथम डॉक्टर गाठावा. साताऱ्याचे जिल्हा रुग्णालय, सांगली व मिरज येथील शासकीय रुग्णालये येथे मनोविकार विभागात दाखवता येते. दारू बंद करण्याचे औषधोपचार ठरले की तेथेच विचारावे, "जवळपास बैठक कोठे भरते?"

(२) साताऱ्यात 'परिवर्तन'कडे चौकशी करावी. पुण्याच्या मुक्तांगणकडे आपल्या जिल्ह्यातील पाठपुराव्याची माहिती विचारावी.

(३) एएच्या बैठकांचे ठिकाण, वार व वेळ संघटनेच्या मदत-क्रमांकावर वा संकेतस्थळावर मिळतात. या बैठका बहुधा शाळेच्या, चर्चच्या किंवा रुग्णालयाच्या खोलीत भरतात. बाहेर मोठी पाटी नसते, म्हणून आधी फोन करून खूण विचारून घ्यावी. खुली बैठक कोणती, हेही विचारावे. सन २०२० च्या टाळेबंदीत फोनवरून व संगणकावरून बैठका सुरू झाल्या. त्यांपैकी काही पुढेही चालू राहिल्या.

(४) काहीच सुचत नसेल तर केंद्र शासनाचा व्यसनमुक्तीचा विनाशुल्क दूरध्वनी क्रमांक १४४४६ आहे. मनाच्या कोणत्याही त्रासासाठी १० ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू झाली आहे.

(५) पंधरा दिवसांत हमखास दारू सोडवतो म्हणणाऱ्या, रुग्णाला डांबून ठेवणाऱ्या किंवा मारहाण करणाऱ्या ठिकाणी पाठवू नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारू व अमली पदार्थांच्या व्यसनाशी निगडित आजारांचाही समावेश होतो. भरती करून घेणाऱ्या केंद्राची नोंदणी आहे का, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

(६) पहिल्या वेळी सोबत जावे. उंबरठ्यापाशी माणूस मागे फिरतो. आम्ही गेलो त्या दिवशी दाजी दारापाशी पाच मिनिटे उभे होते.

(७) एका बैठकीवरून मत बनवू नये. निदान पाच-सहा वेळा जावे. दाजी पहिल्या तीन वेळा बोललेच नाहीत; चौथ्या वेळी नाव सांगून एकच वाक्य बोलले.

(८) दूरची बैठक लाज मोडण्यासाठी ठीक, पण टिकण्यासाठी जवळची हवी. सांगलीच्या फेऱ्यांत भाडे जाई, मजुरीचा दिवस बुडे. तीन महिन्यांनी दाजीच म्हणाले, "आता साताऱ्याला गेलो तरी चालेल. दारू पिताना निम्म्या गावानं बघितलंय, सोडताना बघू द्या."

८. घरच्यांनी काय करावे?

दारू एकजण पितो, आजारी सगळे घर पडते. म्हणून घरच्यांसाठीही वेगळे गट आहेत. एएच्या सभासदांच्या घरच्यांनी १९५१ मध्ये 'अल-ॲनॉन' ही संघटना सुरू केली. तेथील शिकवणीचा गाभा असा : हा आजार तुम्ही आणलेला नाही, तो तुमच्या ताब्यात नाही, आणि तो बरा करणे तुमच्या हातात नाही, तुमच्या हातात तुमचे स्वतःचे वागणे आहे.

या वागण्यात काय बदलावे? त्याच्या उधाऱ्या आपण फेडू नयेत. कामावर "तब्येत बरी नाही" असा खोटा निरोप देऊ नये. तो नशेत असताना वाद घालू नये; जे बोलायचे ते सकाळी बोलावे. मारहाण होत असेल तर सहन करत बसू नये. आपली व मुलांची सुरक्षितता आधी. दारू सुटावी म्हणून डॉक्टरांना न विचारता चहात किंवा आमटीत गोळी मिसळण्याचा प्रकार काही घरांत चालतो, तो अत्यंत घातक आहे. अशा गोळीवर दारू घेतल्यास रक्तदाब कोसळून प्राण जाऊ शकतो. औषध रुग्णाच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावे.

घसरण झाली तर? चौथ्या महिन्यात एका हळदीच्या कार्यक्रमात दाजींनी पुन्हा घेतली. शरमेने दोन आठवडे ते बैठकीला गेले नाहीत. तेव्हा तेथल्याच एका जुन्या सभासदाचा फोन आला, "ये. बाकी काही बोलू नकोस." ते गेले. का घेतली, असे त्यांना कोणी विचारले नाही. त्यांनी दिवस पुन्हा एकपासून मोजायला घेतले. आम्ही विहारातून त्यांना असा फोन कधी केला होता का, हा प्रश्न आमच्या मनातून अजून गेलेला नाही. आज त्या दुसऱ्या 'एक'ला तीन वर्षे होऊन गेली आहेत. पुढचे आम्ही सांगत नाही, कारण दाजीही सांगत नाहीत. ते फक्त आजच्या दिवसाचे सांगतात.

९. आपली संस्था काय करू शकेल?

गावातले दारू दुकान बंद व्हावे म्हणून आपल्या भगिनींनी मतदान करून बाटली आडवी करावी, हे योग्यच आहे. पण दुकान बंद झाल्याने पिणाऱ्याचा आजार बरा होत नाही. तो पुढच्या गावाला जातो. म्हणून आम्ही काही साध्या सूचना करतो.

विहाराच्या फलकावर जवळच्या बैठकीचा वार, वेळ, ठिकाण आणि १४४४६ हा क्रमांक कायम लिहिलेला असावा. फलकावर कोणाही व्यक्तीचे नाव नसावे. विचारायला येणाऱ्याबरोबर जाण्यासाठी एक पुरुष व एक महिला सभासद नेमावेत. त्यांनी ऐकलेली गोष्ट कार्यकारिणीतही सांगू नये. विहाराची खोली आठवड्यातून एक संध्याकाळ बैठकीला द्यावी. एएचे लोक आपल्या परीने भाडे देतील, ते घ्यावे. मात्र तेथे संस्थेचा बॅनर लावू नये, कारण ते कोणत्याही संस्थेशी जोडून घेत नाहीत. १४ एप्रिलची मिरवणूक दारूविना निघावी. आणि जो परत येईल त्याला पूर्वीच्याच जागी बसू द्यावे.

विद्यार्थी मित्रांना एक सांगावेसे वाटते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या ज्या शाळेत बाल भीमरावांचे नाव दाखल झाले, ती आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. त्या दिवसाच्या स्मरणार्थ आपण विद्यार्थी दिन साजरा करतो. शाळेच्या वाटेवर किती घरांतली मुले बापाच्या दारूमुळे मागे राहतात, हे तुमच्याइतके कोणाला ठाऊक असणार? अशा मित्राला हसू नका. त्याच्या घरी हा पाठ नेऊन द्या.

गेल्या पौर्णिमेला दाजी कऱ्हाडहून आमच्या विहारात आले होते. पाचव्या शीलाशी आल्यावर आम्ही न राहवून त्यांच्याकडे पाहिले. त्यांचा आवाज मोठा नव्हता, बारीकही नव्हता. इतरांसारखाच होता.

अभ्यासमंडळासाठी प्रश्न

(१) शीलाला 'सिक्खापद' म्हटल्याने ते मोडणाऱ्याकडे पाहण्याच्या आपल्या दृष्टीत काय फरक पडतो?
(२) सिगालोवाद सुत्तातील सहा तोट्यांपैकी आपल्या वस्तीत कोणता सर्वांत जास्त दिसतो? कोणाचेही नाव न घेता चर्चा करा.
(३) उपोसथ व पवारणा यांची व्यसनमुक्ती बैठकीशी तुलना करा. साम्य कोणते, भेद कोणता?
(४) एकदम दारू बंद करणे धोक्याचे का? अशा वेळी प्रथम काय करावे?
(५) आपल्या विहारापासून सर्वांत जवळची बैठक कोठे, कोणत्या वारी भरते? पुढच्या रविवारपर्यंत शोधून फलकावर लिहा.

जय भीम! नमो बुद्धाय!